काळ्या नळीची चीर

या गोष्टीला आता बरीच वर्षं लोटली. कोल्हापुरात दस्तगीर मिस्त्रींनी एका लाल स्पोर्ट्स कारच्या पोलादी स्प्रिंगा काढून तिथे हवेचे फुगे बसवले. छोटा पंप हवा भरायचा, काळी नळी ती फुग्यांपर्यंत न्यायची आणि गाडी ऐटीत वर उठायची.

पुढे पत्र्याला घासून नळीला बारीक चीर पडली. मिस्त्रींना कळलं तर ते आपल्याला भंगारात टाकतील, या धास्तीने ती गप्प राहिली. हवा गळत राहायची आणि बिचारा पंप विसावा न घेता धापा टाकायचा.

"ताई, एवढी भरतो तरी हवा पुरत कशी नाही गं?" त्याने विचारलं.

"तुझाच दम कमी पडतोय," नळी म्हणाली.

पंपाला ते खरं वाटलं. तो आणखी जोर लावू लागला. आंबोलीच्या घाटात तो तापला, तापतच राहिला आणि शेवटी जळून गेला. फुगे बसले, गाडी पोटावर आपटली.

मिस्त्रींनी मेलेला पंप काढून कोपऱ्यात टाकला. मग त्यांना चीर दिसली. "एवढंच होय!" म्हणत त्यांनी नळीचा बोटभर तुकडा कापला, सांधा बसवला आणि नवा पंप जोडला.

"ताई," नवा पंप हौसेने म्हणाला, "माझ्या आधी इथं कोण होतं गं?"

नळीतून नुसती हवा वाहत राहिली.