पदरात लपवलेली लाल पानं

फार पूर्वी, ढग दारातून आत येत इतक्या उंचावर, चहाच्या मळ्यांचं एक गाव होतं. घरटी एकेक पट्टा, मध्ये ना कुंपण ना बांध, एकाचं झुडूप दुसऱ्याच्याला खेटून. सगळं गाव पानं खुडून जगायचं आणि सगळं गाव एकाच गोष्टीला भ्यायचं, लाल कोळ्याला. ही कीड टाचणीच्या टोकाहून बारीक. पानावर तिखट सांडल्यासारखी दिसते आणि रस शोषून झुडूप वाळवून टाकते. म्हणून गावाचा नियमच होता, ज्याच्या पट्ट्यात लाल पान दिसेल त्याचा अख्खा पट्टा जाळायचा. तिथे रडारड चालायची नाही.

त्या गावात दोन जावा होत्या, दोघींचे पट्टे शेजारी शेजारी. एके सकाळी थोरली खुडत असताना तिच्या हाताशी तांबूस पान आलं. वाकून बघते तर पुढच्या झुडपावरही तेच. हा पट्टा गेला तर पोरांच्या तोंडात घालायचं काय? तिनं लाल पानं भराभर तोडली, पदरात लपवली आणि ओढ्यात टाकायला निघाली. वाट धाकटीच्या पट्ट्यातूनच होती.

"जाऊबाई, पदरात काय हो?" धाकटीनं सहज विचारलं.

"काही नाही गं, चुलीला काटक्या," थोरली म्हणाली. आणि पदर आवळून ती पुढे झाली.

ओढ्याकाठी निर्गुडी माजली होती. थोरलीची आई धान्याच्या कणगीत निर्गुडीचा पाला घालायची, मग किडे फिरकत नसत. ते आठवून थोरलीनं पाला कुटला, उकळला, गाळला आणि आसपास कोणी नसताना केरसुणीनं झुडपांवर शिंपडला. जरा कुठे खुट्ट झालं की तिची पाचावर धारण बसायची. पण गुण आला. कोळी मेले, नवी पालवी फुटली. आता तरी हायसं वाटावं ना? छे. चोराच्या मनात चांदणं. पाटील नुसता खाकरला तरी ती दचकायची.

आणि एका दुपारी गाव चुडी पेटवून आलं. आपल्याकडेच आले, असं थोरलीला वाटलं. पण गाव तिच्याकडे वळलंच नाही, ते धाकटीच्या पट्ट्यात शिरलं. थोरलीच्या पदरातले कोळी जाता-येता तिथे उतरले होते आणि तो पट्टा आता लालेलाल झाला होता.

धाकटी एका झुडपाला धरून बसली होती. "पाटील, माझं चुकलं काय ते तरी सांगा," एवढंच म्हणत होती.

थोरलीला वाटलं, गप्प बसावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोललो तर आपलाही पट्टा जाईल. तेवढ्यात पहिली ओळ पेटली. धाकटीनं थोरलीकडे पाहिलं, आता तुम्हीच काय ते करा, अशा नजरेनं. ते काही थोरलीला सोसवेना.

"थांबा," ती म्हणाली. "कीड आधी माझ्याकडे आली. मी लपवली, आणि माझ्याच पदरातनं ती हिच्याकडे गेली. जाळायचा तर माझा पट्टा जाळा. पण निर्गुडीच्या काढ्यानं ती मरते, मी करून बघितलंय."

पाटील चूड घेऊन तिच्या दिशेनं आला. तिनं डोळे मिटून घेतले. पण आग काही लागली नाही. डोळे उघडले तर पाटील मान खाली घालून उभा.

"माझ्याही पट्ट्यात आहे," तो हळूच म्हणाला. "मी पानं पुरतोय."

"आमच्यातही," मागून एक म्हातारी पुटपुटली. मग आणखी कोणी, मग आणखी कोणी. घरोघरी लाल पानं लपलेली, आणि चुडी घेऊन आलेले हेच सगळे!

चुडी ओढ्यात विझल्या आणि त्याच ओढ्याकाठी हंडे चढले. सगळ्या गावानं एकाच दिवशी काढा शिंपडला, आणि किडीची अंडी फुटायच्या सुमारास पुन्हा एकदा. मळे वाचले. धाकटीची पहिली ओळ मात्र जळली ती जळलीच. त्या काळ्या बुंध्यांजवळून जाताना थोरलीला कधी मान वर करवली नाही.

तात्पर्य, पोरांनो आणि थोरांनो: दुखणं सांगणाऱ्याला जे गाव जाळायला धावतं, तिथे दुखणं घरोघरी लपून वाढतं.