थरांखालची राणी

एका राज्यात, जिथं सागाची झाडं ढगांना टेकत आणि पोपट पंचांग सांगत, तिथं रत्नशेखर नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, दानीही होता, पण त्याला एक वेड होतं. त्याला चकाकी फार प्रिय. दरसाल राज्याभिषेकाच्या दिवशी राजवाड्यातल्या झाडून साऱ्या लाकडाला सोनेरी रोगण चढे. चौरंग, मंचक, संदुका, फडताळं, झोपाळे, काही म्हणजे काही सुटत नसे. आणि जुनं रोगण खरवडायचं नाही, अशी त्या घराण्याची रीतच होती. खरवडतो तो दरिद्री, राजा वर चढवतो! असं आजेपणजे सांगून गेलेले. झालं, मग काय विचारता? थरावर थर, थरावर थर. खण उघडेनात, दारं मिटेनात, नक्षीतले मोर बदकांसारखे दिसू लागले. तरी दरबारी मंडळी हात जोडून म्हणत, "वा महाराज, काय झळाळी!" दुसरं काय म्हणणार बिचारे.

राजाची राणी मृणालवती डोंगरमुलखातली होती. ती एकदा म्हणाली, "महाराज, लाकडाला श्वास घेऊ द्यावा."

राजा म्हणाला, "राणी, लाकूड श्वास घेत नाही."

राणीनं पुन्हा तो विषय काढला नाही. हळूहळू तिनं बाकीचेही विषय काढणं सोडलं. राजाच्या ते ध्यानातही आलं नाही. असतात अशी माणसं, शेजारच्या पाटावरचं कुणी उठून गेलं तरी यांचा घास थांबत नाही!

एके वर्षी अभिषेकाच्या दिवशी तमालिका नावाची एक चेटकीण राजवाड्यात आली. फार दुरून चालत आली होती, पायांना भेगा पडल्या होत्या, खांद्यावर एक साळुंकी होती. तिनं बसायला जागा मागितली. चौरंगावर टेकणार तोच राजा ओरडला, "अगं म्हातारे, थांब! रोगण ओलं आहे."

ती मंचकाकडे वळली. तोही ओला. ती दिवाणखान्यात गेली, माजघरात गेली. सगळं ओलं, सगळं चकचकीत, आणि सारा वाडा उभा. राणी उभी, प्रधान उभा, दासदासी भिंतीला पाठ न लावता उभे.

तमालिका हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं. ती म्हणाली, "राजा, तुझ्या घरात माणसाला टेकायला जागा नाही. तुला माणसं हवीतच कशाला? तुला लाकूड आवडतं ना? घे."

तिनं टाळी वाजवली आणि राजवाड्यातली सगळी माणसं लाकूड झाली. कुणाचं कपाट झालं, कुणाची घडवंची, कुणाचा पाट, आणि त्या साऱ्यांवर सोनेरी रोगणाचे तेच जाड थर. जुन्या सामानात नवं सामान असं मिसळलं की कुठला चौरंग लाकडाचा आणि कुठला माणसाचा हे ब्रह्मदेवालाही कळू नये. एकटा राजा तेवढा माणूस राहिला.

"आई, चुकलो," राजा म्हणाला. "उःशाप दे."

"तीन कामं कर. पहिलं, सारे थर काढ, स्वतःच्या हातानं. दुसरं, घर असं लाव की त्यात माणूस राहील. तिसरं, या लाकडातून तुझी राणी ओळख आणि तिच्या नावानं हाक मार. हाक एकदाच मारायची. ती चुकली तर सारेच्या सारे कायमचे लाकूड राहतील."

एवढं बोलून ती निघून गेली. जाताना खांद्यावरची साळुंकी तेवढी देखरेखीला ठेवून गेली. साळुंकी मोठी तिखट जिभेची होती, गुरूची विद्या पुरती उतरली होती तिच्यात.

राजानं तलवार उपसली आणि समोरच्या घडवंचीवर चालवली. रोगणाचा मोठा पापुद्रा निघाला, पण त्याबरोबर लाकडाचाही लचका आला, आणि घडवंची कण्हली.

"शाब्बास!" साळुंकी म्हणाली. "तो तुमचा आचारी आहे. पाठ सोललीत त्याची."

राजाच्या हातून तलवार गळली. तो गुडघ्यावर बसला. "काय नाव याचं?"

"मला काय ठाऊक? तुम्ही त्याला 'अरे' म्हणत होतात."

राजानं तलवार कोनाड्यात ठेवली ती ठेवलीच. मग तो शिकला. चुलीतली राख पाण्यात कालवायची, ते पाणी फडक्यानं थरावर थापून ठेवायचं, रोगण फुगलं की बोथट पात्यानं हलकेच उचलायचं. मग ओला काथ्या आणि नदीची बारीक वाळू घेऊन घासायचं, तेही लाकडाच्या रेषेनं, आडवं कधीच नाही. आडवं घासलं की लाकूड रुसतं, त्याचे ओरखडे जन्मभर दिसतात. शेवटी जवसाचं तेल. ज्या हातांनी आजवर फक्त विडे उचलले होते त्या हातांना घट्टे पडले. भाकरी तो स्वतःच भाजी, एका बाजूनं कच्ची, दुसरीनं कोळसा.

आणि बोलायला कुणी नव्हतं हो! साळुंकी मनाला येईल तेव्हा उडून जाई. एवढ्या मोठ्या वाड्यात नुसता खर्रर्र खर्रर्र असा पात्याचा आवाज. जेवताना राजा समोर दुसरं पान मांडून ठेवी आणि आपलंच जेवून झाल्यावर ते उचली. एकदा तो पायरीवर ठेचकाळला आणि सवयीनं ओरडला, "अरे, कोण आहे तिकडे?" कुणीच आलं नाही. राजा तिथंच बसून लहान पोरासारखा रडला. एकटेपण त्यानं आधी कधी चाखलं नव्हतं. आपण सगळ्यांच्या मधे असतानाही कुणीतरी इथं असंच एकटं राहत असेल, हे तेव्हा प्रथम त्याच्या मनात आलं.

बसायचीही चोरी झाली. कुठल्या चौरंगावर बसणार? तो प्रधान निघाला तर? राजा जमिनीवर बसे, जमिनीवर निजे. दिवस गेले, ऋतू गेले. एकेका थराखालून खरं लाकूड वर आलं. कुठं साग, कुठं शिसव, कुठं गाठीगाठींची बाभूळ. बदकांचे पुन्हा मोर झाले. खण सुळकन सरकू लागले. पहिलं काम पुरं झालं.

मग राजानं घर लावायला घेतलं. सगळं सामान भिंतीलगत ओळीनं मांडलं, उंचाशेजारी उंच, बुटक्याशेजारी बुटकं, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

साळुंकी म्हणाली, "छान. दुकान कधी उघडताय?"

"मग कसं लावू?"

"दारातून बघून लावलंत. आत बसून बघा."

राजानं ऐकलं. तो एकेका दालनात जाऊन जमिनीवर बसला आणि बसल्या जागेवरून काय दिसतं ते पाहू लागला. मुदपाकखान्यात बसला तेव्हा कळलं की धूर थेट डोळ्यांत जातो. त्यानं चुलीसमोरची मोठी मांडणी हलवली, वारा मोकळा केला. दासींच्या खोलीत बसला तेव्हा कळलं की तिथं पाय पसरायला जागा नाही. त्यानं तिथल्या नको त्या संदुका बाहेर काढल्या, निवडणं-टिपणं करायला बुटके पाट अंगणाकडच्या उजेडात मांडले. जुन्या झोपाळ्याच्या कड्यांतलं वाळकं रोगण काढून तेल सोडलं, तसा तो आपोआप हलू लागला. शापाआधीपासून माळ्यावर पडलेल्या फुटक्या मंचकाच्या फळ्यांची त्यानं तुळशीपाशी बैठक केली.

शेवटी तो राणीच्या दालनात गेला. तिथं ती नेहमी जिथं बसे तिथं बसला. समोर काय दिसलं? कपाटाची दारं! मोठं थोरलं कपाट, राजानंच हौसेनं तिथं ठेवलेलं, दालनाला शोभा यावी म्हणून. राजानं खांदा लावून, घाम गाळून ते बाजूला सारलं. मागं खिडकी निघाली. खिडकीतून पार लांब निळे डोंगर दिसत होते, राणीच्या माहेरचे डोंगर.

राजा किती तरी वेळ त्या उजेडात बसून राहिला. "इतकी वर्षं ती कपाटाकडे बघत बसली," तो म्हणाला. "आणि मी येता-जाता तिला विचारायचो, कपाट कसं दिसतं?"

दुसरं काम पुरं झालं.

त्या संध्याकाळी तमालिका आली. येताच म्हणाली, "राजा, राणी ओळख."

राजा दालनादालनांतून फिरला. आरसा ठेवायचा चंदनाचा एक नाजूक आरसेचौरंग होता. ही असेल का? त्यानं हुंगून पाहिलं. शिसवीचा एक मंचक होता, राजस, गंभीर. ही असेल? त्यानं फळीला कान लावला. झोपाळ्याची कडी धरून तो उभा राहिला. ओठांवर नाव आलं, मृ... आणि त्यानं ते गिळलं. राणीला चंदन आवडे का? ती हलकीफुलकी होती की धीरगंभीर? तिच्या हातावर तीळ होता की नव्हता? राजाला एकाचंही उत्तर येईना. या लाकडांच्या गाठीन् गाठी त्याला पाठ होत्या, आणि बायकोची एक खूण ठाऊक नव्हती! लाज लाज वाटली त्याला.

"हाक मार," तमालिका म्हणाली. "सूर्य मावळतो आहे. मावळला की ही संधी संपली."

"मला येत नाही ओळखता."

"अंदाज कर. चंदन सुंदर आहे, तीच असेल. मारलीस हाक तर निदान एक संधी आहे. नाही मारलीस तर जन्मभर एकटा राहशील."

एकटेपण राजानं भोगलं होतं, त्याची त्याला आता वाघासारखी भीती होती. तरी तो म्हणाला, "राहीन. चूक झाली तर आचारी, दासी, प्रधान, सगळे बुडतील. आणि तिचं नाव मी अंदाजानं घेणार नाही. आजवर सगळं अंदाजानंच केलं."

असं म्हणून राजा राणीच्या दालनाच्या दारात आला आणि उंबऱ्यावरच बसला. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण त्याला सांगायला होतं कोण? त्यानं गुडघ्यांत डोकं घातलं आणि तो त्या भरल्या घराशी बोलू लागला. "मृणालवती" म्हणायचंही त्यानं टाळलं, न जाणो, तीच हाक धरली जायची.

"अगं," तो म्हणाला, "मला तू ओळखू येत नाहीस. तुझा यात काही दोष नाही. मी तुझ्याकडे नीट पाहिलंच नाही. तू जिथं असशील तिथलं लाकूड मी जपेन, त्यावर थेंबभर रोगण चढू देणार नाही. पण मला फार एकटं वाटतं गं. सांगावंसं वाटलं तर तूच सांग, तू कुठं आहेस?"

खिडकीतले डोंगर काळे पडू लागले. साळुंकीनं पंखात चोच खुपसली, तिला ते बघवेना.

आणि राजाच्या खालून आवाज आला. खालच्या पट्टीतला, ठसक्यातला, लग्नात पाहुण्यांनी दार अडवलं की नव्या नवरीनं काढावा तसला.

"थरांवर थर चढले, गुदमरला साग,
रत्नशेखरांचं नाव घेते, उशिरा आली जाग!"

राजा ताडकन उठला. त्या दाराला उंबरा कधी नव्हताच! चौकटीबरोबर त्यानं तोही खरवडला होता, तेल पाजलं होतं, रोज ओलांडला होता, आणि त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं की हा आला कुठून. पाहता पाहता सागाच्या रेषा ओढणीच्या चुण्या झाल्या, आणि उंबऱ्याच्या जागी मृणालवती उठून उभी राहिली. तिच्या अंगाला जवसाच्या तेलाचा वास येत होता.

राजा तमालिकेकडे वळला. तो भ्याला होता. "मी हाक मारली नाही. तिनं मारली."

"ओळख पटली ना? झालं तर," तमालिका म्हणाली. "मंत्राला एक ओळख लागते आणि नावाची एक हाक. कुणी कुणाला मारायची, ते मी तुला सांगितलं, मंत्रात ते नाही."

तिनं टाळी वाजवली. घरभर हालचाल सुरू झाली. मंचकातून प्रधान उठला, चंदनाच्या आरसेचौरंगातून म्हातारी दाई निघाली, आणि ती आयुष्यात प्रथमच एवढी सुगंधी झाली म्हणून पुढे कितीतरी दिवस तोऱ्यात होती. आचारी पाठ चोळत बाहेर आला. राजा त्याच्यापुढे गेला, त्यानं हात जोडले आणि विचारलं, "तुमचं नाव काय?"

"सोमण्णा, महाराज," तो म्हणाला, आणि इतका गडबडला की स्वतःच्या नावाची त्यालाच शंका आल्यासारखं त्यानं ते दोनदा सांगितलं.

तमालिकेला त्यांनी मोठ्या मानानं बसवलं. ती पोटभर जेवली आणि साळुंकीला घेऊन आपल्या वाटेनं गेली. थरावर थर चढवण्याची घराण्याची रीत त्या दिवसापासून बंद झाली. अभिषेकाच्या दिवशी राजा स्वतः तेलाचं भांडं घेऊन फिरू लागला, आणि ज्याची जी बसायची जागा, त्याला विचारल्यावाचून तिथली वस्तू हलेनाशी झाली.

पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी, मंडळी पांगल्यावर, राणी खिडकीपाशी जाऊन बसली. डोंगर आता जेमतेम दिसत होते. राजा दारात उभा होता.

"इतके दिवस बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं. "मी तिथून रोज जात होतो."

"रोज जात होतात," राणी म्हणाली. "मी कुठं आहे, ते आज विचारलंत."

राजा खिडकीजवळ आला. तो म्हणाला, "त्या डोंगरांत तुझं घर नेमकं कुठं आहे?"

राणीनं त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती थोडी सरकली, आणि त्याला दिसावं म्हणून अंधारात बोट दाखवू लागली.

राजाचं घर लागलं, तसं ऐकणाऱ्यांचं लागो.