बाकावरचं नाव

“सूनबाईच्या पाटल्या चर्चच्या नव्या बाकासाठी देऊ, बाकावर नाव माझं कोरू. ती कुठं काय बोलतेय!” बावतीसबाबा आत बायकोला सांगत होते. मागच्या ओट्यावर भांडी घासणाऱ्या रोझलिननं, त्यांच्या नव्या सुनेनं, ते ऐकलं. पाटल्या तिच्या गेलेल्या आईच्या होत्या.

उपवासकाळातल्या रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना सुटल्यावर सासऱ्यांनी चारचौघांत उपदेश केला, “पोरी, ख्रिस्ताच्या मागं जायचं तर मोह सोडावा लागतो.”

खरंच होतं ते. रोझलिननं पाटल्या उतरवून नव्या बाकासाठी म्हणून फादरांच्या हातात ठेवल्या. मनगट हलकं झालं, मनही.

“बाकावर नाव कुणाचं?” फादरांनी विचारलं.

सासरे खाकरून पुढे झाले, तोच ती म्हणाली, “कुणाचंच नको, फादर. पाटल्यांचा मोह मी सोडला, नावाचा बाबांनी सोडलाय.”