फोटोतला हिरवा चुडा

ऐका गं बायांनो, ही आमच्या प्रणिताची गोष्ट. पोरगी पतसंस्थेत नोकरी मागायला गेली. बाप अंथरुणाला खिळलेला, घर आता तिच्यावरच चालायचं. बाहेरच्या बाकावर ती आपला अर्ज पुन्हापुन्हा वाचत बसली.

आत संचालकांच्या मधोमध चेअरमन दाजीसाहेब मिशीला पीळ देत बसलेले. त्यांनी अर्ज बघितलाच नाही, मोबाइल पुढं सरकवला.

"फेसबुकवर तुझा फोटो बघितला. कोपरापर्यंत हिरवा चुडा! लग्न ठरलंय आणि लपवतेस होय? आमच्यापासून काही लपत नाही, पोरी. चार दिवसांत सासरी जाणारी बाई आम्हाला नको."

पोरीनं आपला मोबाइल काढला, दाजीसाहेबांचाच गेल्या वर्षीचा फोटो शोधला आणि तोंड बारीक केलं.

"मीही तुमचा फोटो बघितला, साहेब. डोक्याचा गोटा, मिशीसुद्धा उतरवलेली. वडील गेले का हो तुमचे? फार वाईट झालं."

"गप!" दाजीसाहेब ताडकन उठले. "आप्पा ठणठणीत आहेत माझे! सकाळीच शिव्या घातल्यात मला. तिरुपतीला केस दिले होते मी! फोटो बघून जित्या माणसाला मारतेस? आधी विचारायचं तरी!"

"मला कुठं विचारलंत, साहेब? चुलतबहिणीचं लग्न होतं. कासार घरी आला, की नवरीबरोबर सगळ्याच बायांचे हात भरतो."

संचालक माना खाली घालून हसायला लागले. दाजीसाहेब बसले, मोबाइल उपडा ठेवला आणि म्हणाले, "बरं बाई, आता विचारतो. कामावर कधीपासून येतेस?"