पोलादी दोराची प्रदक्षिणा

"म्हणजे तुला परवानगी पाहिजे की शाबासकी?" गोदूआक्कांनी विचारलं.

विरूपाक्षने हाताचं ग्रीस चिंधीला पुसलं.

"शाबासकी," तो म्हणाला.

मठाच्या दारात त्याची जुनी जीप उभी होती. पुढच्या बंपरवर त्याने स्वतःच्या हातांनी केलेला विंच बसवला होता. भंगारातल्या ट्रकचा स्टार्टर, मोडीत निघालेल्या लिफ्टची गिअरपेटी, जाड पाइपाचा रूळ आणि त्यावर गुंडाळलेला पोलादी दोर. गाडी चिखलात रुतली की दोराचा आकडा पुढे कशाला तरी अडकवायचा आणि बटण दाबायचं. रूळ फिरेल, दोर आत येईल, गाडी आपली आपण वर निघेल.

शहरातले मेकॅनिक त्याला हसले होते. स्टार्टर जळेल, म्हणाले होते. जळला. त्याने दुसरा लावला. तोही जळला...

मग गिअरपेटी बदलली. त्यानंतरचा टिकला.

"इंगवले आप्पा म्हणतात, मठाच्या पुढं सड्याच्या पठारावर गाडी न्यायची नाही," विरूपाक्ष म्हणाला. "महाराजांच्या समाधीपाशी यंत्राचा आवाज नको म्हणे. मी नेणार. सड्यापलीकडच्या वस्तीवर माणूस आजारी पडलं तर आजही झोळीत घालून आणतात. तुम्ही नको म्हणालात तरी नेणार."

"मी कुठं काय म्हणाले?"

"तुम्ही शाबाससुद्धा म्हणाला नाहीत."

आक्का तांदूळ निवडत होत्या. त्या निवडत राहिल्या.

विरूपाक्ष इचलकरंजीतली यंत्रमाग-दुरुस्तीची नोकरी सोडून आक्कांकडे शिष्य म्हणून आला होता. आक्का बाळगिरी महाराजांच्या शिष्या. महाराज आल्यागेल्याची ओझी वाहून पाठीत वाकलेले होते. महाराज गेल्यावर मठ त्यांनीच सांभाळला. हिशेब, उत्सव, मानपान विश्वस्तांकडे होतं. इंगवले आप्पा त्यांचे प्रमुख. विरूपाक्ष त्यांना वाकून नमस्कार करत नसे, आणि ते आप्पांच्या लक्षात होतं.

भाद्रपदात पाऊस जरा उघडला. एका सकाळी वस्तीवरून निरोप आला. गोठ्याची भिंत रचताना दगड घसरून कोंडिबा झोरेचा पाय चेचला होता. रक्त थांबत नव्हतं.

विरूपाक्षने कुणाला विचारलं नाही. जीप सड्यावर घातली.

वस्तीपर्यंत गाडी गेली. कोंडिबाला मागे आडवं केलं, त्याची बायको सखूबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. परतताना मठ समोर दिसू लागला आणि तिथेच, समाधीच्या अलीकडच्या खोलगटात, पुढची चाकं चिखलात बसली. मग मागचीही.

विरूपाक्षने दोर सोडला, आकडा हातात घेतला आणि पुढे पाहिलं.

सडा उघडा होता. झाड नाही. कारवीच्या झुडपाला आकडा लावला, ते मुळासकट आलं. पहार ठोकली. माती पाण्याने सुटलेली, तीही आडवी झाली.

समोर एकच गोष्ट उभी होती. पुरुषभर उंचीचा, हार घातलेला, जमिनीत खोल रोवलेला समाधीचा दगड.

विरूपाक्षने तिकडे पाहिलं नाही. पुन्हा पहार ठोकू लागला.

"ह्यांचं अंग गार पडाय लागलंय," सखूबाई गाडीतून म्हणाली.

इंजिनाचा आवाज ऐकून मठातून माणसं आली. पुढे आप्पा, मागे आक्का.

आक्कांनी गाडीत वाकून पाहिलं. कोंडिबाच्या कपाळाला हात लावला. मग विरूपाक्षजवळ आल्या.

"आकडा कुठं लावतोस?"

"जागा नाही, आक्का."

"आहे की."

तो पुन्हा पहारीकडे वळला.

"मेकॅनिकना भ्याला नाहीस. आप्पांना भ्याला नाहीस. मला तर नाहीच. आत्ता कुणाला भितोस?"

विरूपाक्षने समाधीकडे मान केली. "त्यांना."

"मग तुझी त्यांची ओळख नाही."

आक्कांनी त्याच्या हातातून आकडा घेतला. चिखलातून दोर ओढत त्या समाधीपाशी गेल्या. चप्पल काढली. रोज घालत तशीच, दगड उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणा घातली. त्यांच्यामागून दोर दगडाभोवती फिरला. एक फेरा झाला तशी त्यांनी आकडा दोरातच अडकवला.

"आक्का, हा अधर्म आहे," आप्पा म्हणाले.

"असेल," आक्का म्हणाल्या. "बाजूला व्हा. दोर तुटला तर लागेल."

विरूपाक्षचा अंगठा बटणावर होता. दबत नव्हता.

"दगड निघाला तर, आक्का?..."

"दाब."

विंचची मोटार कण्हू लागली. दोर ताठ झाला. हार तुटून फुलं चिखलात पडली. जळकट वास सुटला, आणि दगड हलला. सगळ्यांना दिसेल इतका गाडीकडे झुकला. कुणीतरी डोळे मिटून महाराजांचं नाव घेतलं.

मग चिखलाने चाकं सोडली.

जीप वर आली. आक्कांनी आकडा काढून दिला. विरूपाक्ष मागे न बघता घाट उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परतला. कपड्यांवर रक्त वाळलं होतं. कोंडिबाचा पाय आखूड राहणार होता, पण राहणार होता.

समाधीपाशी विश्वस्त जमले होते. दगड तसाच तिरका उभा होता.

"शुद्धी करावी लागेल," आप्पा म्हणाले. "आणि ते यंत्र आजच्या आज मठातून जाईल."

"जाणार नाही," विरूपाक्ष म्हणाला. "मीही जाणार नाही. उद्या वस्तीवरून पुन्हा निरोप आला तर पुन्हा गाडी नेईन."

"आणि पुन्हा महाराजांच्या गळ्यात दोर घालशील?"

"घालीन."

आप्पांनी आक्कांकडे पाहिलं. आक्का बाजूला जमिनीवर बसून तिरक्या दगडाकडे बघत होत्या.

विरूपाक्षचा आवाज खाली आला. "दगड मात्र मी सरळ करून देतो, आक्का. पलीकडून दोर लावला की घटकाभराचं काम आहे. होता तसा करतो..."

तो दोर सोडायला वळला.

आक्का उठल्या. सावकाश चालत समाधीपाशी गेल्या आणि झुकलेल्या दगडाला पाठ टेकून खाली बसल्या. इतक्या वर्षांत त्या दगडाला पाठ लावून बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आप्पांनी तोंड फिरवलं. विरूपाक्ष आकडा हातात धरून उभाच राहिला.

"राहू दे," आक्का म्हणाल्या. "आत्ता कुठं तो दगड महाराजांसारखा दिसायला लागलाय."