पियानोच्या बाकावरची जागा

ज्या चालीला आज सगळे जुनी आणि सोन्यासारखी म्हणतात, ती पहिल्यांदा वाजली त्या दिवशी काय होती?

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ राज्यात एक पियानोवादक हा प्रश्न भेटेल त्याला विचारायचा. राजाला विचारला, तर राजाने पान तोंडात घातले. पंडितांना विचारला, ते हसले. बाजारातल्या भाजीवालीला विचारला, तर ती म्हणाली, "दादा, काय घ्यायचं ते घ्या, मागे लोक उभे आहेत."

मुलांनो आणि मोठ्यांनो, त्या राज्याची एक रीत होती. वर्षातून एकदा, सुगी आटोपली की दरबारात नव्या रचना वाजायच्या. समोर बारा जाणते बसायचे. निदान पाच जणांनी मान डोलावली, तर रचनेची वही राजाच्या कपाटात जायची. नाहीतर दरबारचा म्हातारा कारभारी ती टोपलीत टाकायचा आणि नदीत सोडून यायचा. दुसरी प्रत ठेवायला मनाई होती.

वादकाला सगळ्या जुन्या चाली येत. लोक त्याच ऐकायला यायचे. पण तो दरवर्षी अनोळखी माणसांच्या नव्या वह्या उचलायचा आणि तीन तीन महिने घासून बसवायचा. कारभारी म्हणायचा, "जेवायला बोलावतोस आणि कारलं वाढतोस." वादक म्हणायचा, "पहिला घास कडूच लागतो, काका. दुसरा घ्या."

त्याने राजाकडून एवढेच मागून घेतले होते. प्रत्येक नवी रचना लागोपाठ दोनदा वाजवायची. पहिल्यांदा कान भांडतो, दुसऱ्यांदा ऐकतो, असे त्याचे म्हणणे. राजाला नाही म्हणायचा कंटाळा होता, म्हणून तो हो म्हणाला. तेव्हापासून टोपली हलकी होत गेली.

मग एका वर्षी वादकाचा उजवा हात आखडू लागला. वैद्याने बोटे दाबून पाहिली आणि सांगितले, की फार तर एक बैठक होईल, पुढे नाही. शरीरही आतून थकले होते.

ही बातमी राजवाड्यात पोचली. राजाने निरोप धाडला, की या वर्षी नवे काही नको, राज्याभिषेकाची जुनी चाल वाजव, साऱ्या प्रजेला ती ऐकायची आहे.

वादकाच्या घरी मात्र एका विणकर बाईची वही होती. दोन वर्षे त्याच्याच पियानोवर बसून तिने ती रचना केली होती. दरबारात दरबारी वादकानेच वाजवायचे, असा नियम होता. तो वाजवणार नसेल, तर तिची वही न ऐकताच टोपलीत जाणार होती.

वादकाला एक धाकटा भाऊ होता, डोक्याने गरम. तो म्हणाला, "उरलेली बोटंसुद्धा या अनोळखी लोकांवर उधळ. तू गेल्यावर यातलं एक माणूस तुझं नाव घेणार नाही."

हे शब्द धाकट्याला पुढे जन्मभर बोचले.

दरबार भरला. राजाचा निरोप बाजूला ठेवून वादकाने विणकर बाईची रचना सुरू केली. बारा जाणते दगडासारखे बसून राहिले. रचना संपली तेव्हा त्याचा उजवा हात पट्ट्यांवरून उचलला जाईना. कारभाऱ्याने टोपली पुढे सरकवली.

"दुसऱ्यांदा राहिलंय, काका," वादक म्हणाला. मग तो बाकावर डावीकडे सरकला आणि त्याने विणकर बाईला शेजारी बसायला बोलावले. ती जागची हलेना. म्हणाली, "दादा, मी चुकेन."

"चूक. पण थांबू नकोस."

कारभाऱ्याने नियमाची आठवण करून दिली. वादक म्हणाला, "वादक मीच आहे. फक्त उजवा हात आज उसना आणलाय."

राजाला हसू आले. हसल्यावर त्याला अडवता येईना.

डावा हात त्याचा, उजवा तिचा. ती तीन ठिकाणी चुकली, थांबली नाही. आधी एक मान हलली, मग दुसरी. शेवटी मोजल्या तर सहा होत्या. वही कपाटात गेली.

पंधरा दिवसांनी वादक वारला. त्याच्यामागेही त्या राज्यात दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय कुठलीही वही नदीत गेली नाही, आणि रचणाऱ्यांना स्वतः वाजवायची मुभा मिळाली. धाकट्याने केलेले भाकीत खोटे ठरले. भाऊ गेला त्या दिवशी त्याचे नाव घेणारे इतके जमले, की अंगणात उभे राहायला जागा नव्हती.

पण विणकर बाईची वही कपाटात गेली त्या दिवशी दरबारात एक वही अजून उरली होती, एका म्हाताऱ्या गवंड्याची. दुखरा हात वाचवायला वादकाने ती घरी विणकर बाईकडूनच वाजवून घेतली होती. तो बाकावरून उठला आणि तिला म्हणाला, "आता यांचं वाजव."

"आता हाही हात उसना का?" कारभाऱ्याने विचारले.

"आता दोन्ही, काका."

एवढे बोलून तो खाली सतरंजीवर गवंड्याच्या शेजारी जाऊन बसला. आखडलेला हात त्याने मांडीवर ठेवला आणि ती रचना दोन्ही वेळा, शेवटपर्यंत, मन लावून ऐकली.

तात्पर्य: नव्याला जगवायचे असेल, तर आपण सरकून त्याला जागा करून द्यावी.