सोन्याच्या कळसाचं ओझं

एका राज्यात टेकडीवर एक विद्यापीठ होतं आणि विद्यापीठावर सोन्याचा कळस होता. सूर्य मावळला तरी कळस मावळत नसे. दूरदूरच्या मुलखांतून लोक तो बघायला येत आणि म्हणत, जिथला कळस असा, तिथली विद्या कशी असेल. पण विद्या कशी आहे ते बघायची सोय नव्हती. विद्यापीठाभोवती उंच भिंत होती, भिंतीला एकच दार होतं, आणि त्या दारातून मुलं तेवढी आत जात. आईबापांनी बाहेर थांबायचं, अशी रीत.

आणखीही एक रीत होती. दर वसंतात राजा धवलसेन सभा भरवी. ज्यांची मुलं विद्यापीठात आहेत, अशा सगळ्यांना बोलावी आणि एकेकाला विचारी, "विद्यापीठात काय बदलावं?" राजा मनापासून विचारी. आईबाप हात जोडून म्हणत, "काही नाही महाराज, सर्व उत्तम आहे." मग प्रधानजी त्यांच्या खांद्यावर शेला घालत आणि पुढच्याला बोलावत. शेला चांगला असे. शेजारीपाजारी तो बघायला घरी येत.

केतकीकडेही असा एक शेला होता, पेटीच्या तळाशी दडपलेला. केतकी वयाने लहान, लिहितीवाचती. नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर परमुलखात गेलेला. इंदुजा ही तिची एकुलती एक मुलगी. तिला विद्यापीठात घालायचा हट्ट केतकीचाच. नवरा म्हणाला होता, अजून लहान आहे. केतकी म्हणाली होती, तिथे मोठी होईल.

पहिल्यापहिल्यांदा इंदुजा पौर्णिमेला दाराशी भेटायला येई. दर खेपेला थोडी वाळलेली, थोडी गप्प. मागच्या सभेला जाताना केतकीने वाक्य पाठ केलं होतं, महाराज, मुली दाराशी येऊन बोलेनाशा झाल्या आहेत, आत काय चाललंय ते बघावं. राजासमोर उभी राहिली आणि तोंडातून निघालं, सर्व उत्तम आहे. परतताना वाटभर तिने ते पाठ केलेलं वाक्य म्हटलं, अगदी स्वच्छ, एकदाही न अडखळता.

त्यानंतर इंदुजा दाराशी यायचीच थांबली. द्वारपाल म्हणाला, "रांगेत आहे."

दाराबाहेर चिंचेखाली आईबाप बसलेले असत. कापडाचे व्यापारी वामनशेट, त्यांचा भार्गव आत होता. यमुनाक्का, त्यांच्या दोन मुली आत होत्या.

"भार्गवचं कसं चाललंय?" केतकीने विचारलं.

"उत्तम," वामनशेट म्हणाले. "रांगेत पुढे आहे म्हणतात. आमच्या घराण्यात सगळे पुढेच असतात."

"पण कसली रांग?"

"ते विचारायचं नसतं, केतकीबाई. आपण चौकशा करायच्या आणि त्यांनी पोरांवर डूख धरायचा."

"तुला अतीच काळजी करायची सवय आहे बघ," यमुनाक्का म्हणाल्या. "पहिलंच मूल ना तुझं. होतं असं."

केतकीलाही वाटलं, होत असेल. आपलं नेहमीचंच आहे. पाणी उकळायच्या आधीच आपण चुलीतली लाकडं मागे ओढतो. ती उठली आणि भिंतीमागच्या तळ्याकाठी जाऊन बसली. तिथे खडीत एक टिटवी अंडी उबवीत होती.

"तुझी मुलगी गुडघ्यापर्यंत दगड झाली आहे," टिटवी म्हणाली.

"मला वाटलंच होतं," केतकी म्हणाली.

"मग काही केलं का नाहीस?"

"मला नेहमीच काहीतरी वाटत असतं."

टिटवीने मान वाकडी केली. "मीही रोज ओरडते. लोक अपशकुन म्हणून वाट बदलतात. आता ऐक. कामं तीन आहेत. आत जाऊन मुलीला भेट, पण तिला बरं वाटावं म्हणून एक शब्दही बोलू नकोस. मग खिडकीमागे जो बसला आहे त्याला असं काही विचार, जे त्याला कुणी विचारलेलं नाही. तिसरं काम तो सांगेल."

भिंतीला तळ्याच्या अंगाला पाण्याची मोरी होती. केतकी त्या मोरीतून सरपटत आत गेली.

आतल्या अंगणात एक लहानशी खिडकी होती आणि तिच्यासमोर मुलांची रांग होती. अंगणाला वळसे घालीत ती पार तटापर्यंत गेली होती. शेपटाकडची मुलं घोट्यापर्यंत दगड झालेली. मधली कमरेपर्यंत. खिडकीशी उभी होती ती पूर्ण दगडाची, आणि त्यांच्या खांद्यांवर शेवाळ धरलं होतं. अधूनमधून खिडकीतून आवाज येई, "उद्या या." रांग हलत नसे.

"आई," इंदुजा म्हणाली, "तुला मुद्रेशिवाय आत कसं सोडलं?"

"मोरीतून आले. तू कशासाठी उभी आहेस?"

"मला ताप आला होता. वैद्याकडे जायला चिठ्ठीवर कुलगुरूंची मुद्रा लागते."

केतकीने तिच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही आता."

"तो कधीच गेला. पण रांग सोडली की पुन्हा मागून उभं राहावं लागतं. आणि घरी जायलाही मुद्राच लागते."

पुढून कुणीतरी हसलं. भार्गव होता तो. खांद्यांपर्यंत दगड, मान तेवढी वळत होती.

"काकू, बाबांना काही सांगू नका. सांगायचंच झालं तर म्हणा, रांगेत पुढे आहे."

"ते त्यांना माहीत आहे. तेच सांगत असतात सगळ्यांना."

"मग बरं आहे," भार्गव म्हणाला, आणि पुन्हा हसला नाही.

"तुम्हाला काय हवं आहे रे?" केतकीने विचारलं.

मुलं गोंधळली. असा प्रश्न अभ्यासात नव्हता. मग एक म्हणाला, गुरुजींनी पाठ म्हणताना मध्ये कधीतरी थांबावं. एक म्हणाली, शंका विचारली तर हसू नये. एक म्हणाली, ग्रंथालयाचं कुलूप काढावं, आम्ही पुस्तकं फाडणार नाही. इंदुजा सगळ्यांच्या नंतर म्हणाली, "मला नावाने हाक मारावी. इथे मला तिसऱ्या खांबाजवळची म्हणतात."

एवढं बोलून तिने आईकडे पाहिलं. "आई, सगळं नीट होईल ना?"

होईल गं बाळा, हे शब्द केतकीच्या जिभेवर आपोआप आले, जसे पडलेल्या मुलाला उचलायला हात जातात. इंदुजाच्या गुडघ्यावर दगडाची कड थरथरली, वर सरकायला टपल्यासारखी. केतकीने जीभ दाताखाली धरली. तोंडात रक्ताची चव आली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

कड थरथरायची थांबली. इंदुजाचे डोळे भरले. पहिलं काम झालं, पण आई म्हणून तिने केलेलं ते सगळ्यांत वाईट काम होतं.

खिडकीमागे एक ओवरी होती. तिथे कुलगुरू बसले होते, हनुवटीपर्यंत दगड. मांडीवर मुद्रा होती आणि ती उचलायला हात उरले नव्हते.

"उद्या या," ते म्हणाले.

केतकी विचारात पडली. त्यांना कुणी न विचारलेलं असं काय असणार? विद्वान माणूस, जन्म प्रश्नोत्तरांत गेलेला. तिने एक अवघड प्रश्न मनात जुळवला, मोडला, दुसरा जुळवला. मग त्यांचे खोल गेलेले गाल बघून तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"तुम्ही जेवलात का?"

कुलगुरूंची नजर मुद्रेवरून तिच्याकडे वळली.

"नाही," कुलगुरू म्हणाले. "किती काळ झाला, आठवत नाही."

तिने पदराला बांधलेली दशमी सोडून त्यांना घास भरवले. घास गिळून ते म्हणाले, "या राजाच्या आजोबांनी एका मांत्रिकाकडे मागणं मागितलं, माझ्या विद्यापीठाची कीर्ती कधी उणी होऊ नये. मांत्रिकाने कळस दिला. जो कुणी सर्व उत्तम म्हणेल, त्याच्या शब्दाचं सोनं कळसावर चढतं. त्याचं वजन मात्र खाली उभ्या असलेल्यांवर बसतं. मीही म्हणायचो. सगळ्यांच्या आधी."

"उतारा काय?"

"भरल्या सभेत खरं बोलणं. हे तिसरं काम. पण जी व्यक्ती पहिली बोलेल, तिच्या मुलावर बाकी सगळ्यांच्या शब्दांचं वजन येईल. दुसरं कुणी खरं बोलेपर्यंत."

"आणि दुसरं कुणी बोललंच नाही तर?"

कुलगुरूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण दगड ओठांपाशी आला होता. "उद्या या," ते म्हणाले.

केतकी मोरीतून बाहेर आली ती थेट वामनशेटांच्या दुकानी गेली. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. वामनशेट ठाणाची घडी घालत होते. ती घातली, मोडली, पुन्हा घातली.

"भार्गव काय म्हणाला?"

"म्हणाला, रांगेत पुढे आहे."

"मग झालं तर," वामनशेट म्हणाले आणि आत निघून गेले.

यमुनाक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "तू बोल आधी," त्या म्हणाल्या. "मग मी बघते."

"आधी बोललं तर माझ्या मुलीवर येतं, अक्का."

"म्हणून तर."

वसंत आला, सभा भरली. टिटवी अंडी सोडून उडाली आणि राजवाड्याच्या कमानीवर जाऊन बसली. तिला तिथून टेकडीवरचं अंगण दिसत होतं. केतकीची पाळी आली.

"विद्यापीठात काय बदलावं?" राजाने विचारलं.

"महाराज, विद्यापीठ उत्तम नाही."

प्रधानजींच्या हातातला शेला हातातच राहिला.

"कमरेपर्यंत," टिटवी ओरडली.

"आजारी मुलाला आधी वैद्य मिळावा, मुद्रा मागाहून," केतकी म्हणाली. "मुलांना नावाने हाक मारावी. ग्रंथालय उघडावं."

"छातीपर्यंत."

"दाराशी आलेल्या आईबापांना आत काय चाललंय ते सांगावं." तिने यमुनाक्कांकडे पाहिलं. यमुनाक्का बांगड्या मागेपुढे करत होत्या.

"गळ्यापर्यंत."

"बाई, म्हणून टाका दोन शब्द," प्रधानजी हळूच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. "अजून वेळ आहे. पोर वाचेल."

केतकीचं धैर्य तेवढंच होतं. ते संपलं. तिने हात जोडले. "सर्व," ती म्हणाली.

"थांबा," मागून कुणीतरी म्हणालं.

वामनशेट पुढे आले. त्यांनी राजाकडे पाहिलं नाही, जमिनीकडे बघत बोलले.

"महाराज, माझा मुलगा खांद्यांपर्यंत दगड झाला आहे. मला आधीच कळलं होतं. सणाला मी त्याला अंगरखे पाठवायचो. ते परत यायचे, द्वारपाल म्हणायचा, धुवायला दिलेत. ते घातलेलेच नव्हते. कापड हा माझा धंदा आहे, अंगाला न लागलेलं कापड मला कळतं. मी ते धुऊन पुन्हा पाठवायचो."

टिटवी ओरडायची थांबली.

मग यमुनाक्का उठल्या आणि नुसत्याच रडल्या. राजाने ते खरं बोलणं म्हणून धरलं. त्यानंतर कुणी पाळीसाठी थांबलं नाही. एक म्हणाला, निकालाची वाट बघता बघता मुलगा बोलायचा थांबला. एक म्हणाली, पोरगी उपाशी निजते हे मला परक्याकडून कळलं. ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांनी शेले काढून जमिनीवर ठेवले. टेकडीवर कळस आधी पितळेसारखा झाला, मग मातीसारखा, आणि मग तडकून अंगणात पडला. मुलांच्या अंगावरून दगड वाळल्या चिखलासारखा गळाला.

राजा त्याच दिवशी अनवाणी टेकडी चढला. त्याने भिंत पाडवली, खिडकी फोडवली आणि मुद्रा तळ्यात टाकली. कुलगुरूंना दोघांनी धरून उन्हात आणलं. त्यांनी पुन्हा शिकवायची परवानगी मागितली नाही, फक्त मुलांची नावं विचारली, एकेकाची. पण रांगेच्या तोंडाशी जी मुलं होती, त्यांच्यासाठी बोलायला सभेत कुणी उरलं नव्हतं. ती दगडच राहिली. त्यांची नावं कुणाला सांगता आली नाहीत. राजाने त्यांच्यावर छप्पर घातलं. आजही त्या राज्यातले गुरुजी शिकवायला जाताना त्या छपराखालून जातात. दुसरी वाट ठेवलेली नाही.

त्या संध्याकाळी अंगणात केतकी इंदुजाचा एक पाय चोळीत बसली होती. पाय मऊ झाले होते, पण अजून गार होते.

"तू राजाला काय सांगितलंस?" इंदुजाने विचारलं.

"की इथे उत्तम नाही."

"एवढंच?"

"जवळजवळ एवढंच."

इंदुजाने गळ्यावरून हात फिरवला. तिथली कातडी अजून खरखरीत होती. "एवढं बोलायला तुला इतका वेळ लागला?"

"हो," केतकी म्हणाली.

इंदुजाने पाय काढून घेतला नाही. दुसराही पुढे केला.